वीतभर खाली

फिनलंडमधल्या आमच्या होइकावारा गावात चाळिशीच्या आतला एकही माणूस असा नाही, ज्यानं हिल्का पिराइनेनच्या हातचं खाल्लेलं नाही. छत्तीस वर्षं ती आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गुरुवारी वाटाण्याचं सूप, शुक्रवारी मासे, आणि ताटात घेतलेलं टाकायचं नाही, हा तिचा कायदा. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, मनगटं मात्र लाकूडतोड्याची. सगळी पोरं तिला मावशी म्हणत. ती पोरं पुढे ट्रक चालवू लागली, ग्रामसभेत जाऊन बसली, त्यांना टकलं पडली, पण मावशी समोर आली की अजून आपोआप ताठ बसतात.

वर्षातला एक आठवडा मात्र ती शाळेत नसे. मूस हरणांच्या शिकारीचा पहिला आठवडा. पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी विचारलं, "मग मुलांनी खायचं काय?" ती म्हणाली, "ब्रेड आणि सॉसेज. सॉसेजनं कुणी मेलेलं ऐकलं नाही मी." पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी विचारलं नाही.

तिची बंदूक १९६० सालची, म्हणजे आमच्याकडे आली त्या साली. बनली होती स्वीडनमध्ये, १९०० साली. दोन लढाया बघून झाल्यावर आमच्या सैन्यानं मोडीत काढली आणि तसल्याच बारा-पंधरा बंदुकांसोबत एका लाकडी पेटीतून ती आमच्या शिकार मंडळात आली. हिल्का तेव्हा तेवीस वर्षांची, मंडळातली एकुलती एक बाई. पुरुषांनी आपापल्या निवडून घेतल्या. पेटीच्या तळाशी जी उरली ती हिची. जमिनीवर टेकवून उभी केली तर हिच्या हनुवटीला लागायची. ताइस्तो केम्पाइनेननं, तो आमचा बंदुका दुरुस्त करणारा, दस्ता दोन बोटं कापून दिला तेव्हा कुठे ती खांद्याला बसली. पण बसली ती अशी बसली, की पुढं अडतीस वर्षं हिल्कानं दुसऱ्या बंदुकीकडे पाहिलं नाही.

त्या बंदुकीला एक खोड होती. फौजेची चीज ती. समोरचा माणूस तीनशे मीटरवर आहे असं धरून तिची नेम धरायची मागची खाच बसवलेली, आणि तीनशेच्या खाली ती येतच नाही. आमच्या जंगलात तीनशे मीटर दिसतं कुठे! मूस झाडीतून निघतो तो साठ-सत्तर मीटरवर. तेवढ्या अंतरावर ही बंदूक वीतभर वर मारते. ताइस्तोनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "हवं तिथे धरू नकोस पोरी. हवं त्याच्या वीतभर खाली धर, ती आपली आपण वर जाते." हिल्कानं ते ऐकलं आणि विसरून गेली, म्हणजे इतकं अंगात मुरवलं की आठवायची गरज उरली नाही. अडतीस वर्षांत सात मूस पाडले. आकडा कमी वाटेल, पण तिची जागा बघायला हवी होती. खडीच्या खाणीमागचा ओढा. पाय ओले आणि मूस नाही. जागा वाटताना तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "मला काय, कुठंही चालेल." आणि जगाची रीत अशी, की कुठंही चालेल म्हणणाऱ्याला ओढाच मिळतो.

साठी उलटली आणि डोळ्यांनी दगा दिला. लांबचं लख्ख दिसे. चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे ती मोजून सांगे. पण जवळचं सगळं पुसट. बंदुकीची मागची खाच म्हणजे धुरकट ढग, आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी म्हणजे त्या ढगात तरंगणारा केस. चष्मा लावावा तर माशी दिसे आणि मूस नाहीसा होई.

दर तीन वर्षांनी आमच्याकडे मूस मारणाऱ्याला नेमाची परीक्षा द्यावी लागते. पंचाहत्तर मीटरवर मूसचं चित्र, दीड मिनिटात चार गोळ्या, चारही वीतभर रुंदीच्या वर्तुळात. वर्तुळ लांबून दिसत नाही, नुसता मूस दिसतो. १९९८ च्या जूनमध्ये हिल्कानं ती परीक्षा दिली आणि चारांतली एक गोळी चित्राच्या शिंगात, एक कागदाच्या बाहेर. दुसऱ्या खेपेला त्याहून वाईट. एवढ्या माणसांत, हात दाखवून अवलक्षण.

त्या दुपारी शिकारीच्या झोपडीत कॉफी पिताना इल्पो कार्पिनेन तिच्या शेजारी येऊन बसला. इल्पो शिकारी तुकडीचा म्होरक्या, वय चव्वेचाळीस. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"मावशी," तो कपात बघत म्हणाला, "मी म्हणत होतो, आता थोडं आरामात घे."

"म्हणजे काय करू?"

"झोपडीवर थांब ना. मोठं पातेलं आहे, चूल आहे. आम्ही दिवसभर गारठून येतो. तुझ्या हातचं गरम सूप मिळालं तर... आणि मांसाचा वाटा अगदी बरोबरीचा, एक तोळा कमी नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना ते पटलं होतं. कुणीतरी म्हणालंही, "वा, मावशीचं सूप म्हणजे काय बोलायचं!"

हिल्का उठली. तिनं कप विसळला, बंदूक पाठीला लावली आणि सायकलवर बसून घरी आली.

तिचा नवरा सुलो अंगणात मासे पकडायचं जाळं दुरुस्त करत बसला होता. सुलो शिकार करत नाही. मोठ्या आवाजाचा त्याला तिटकारा, मासा ओरडत नाही म्हणून त्याला मासा आवडतो. बायकोचा चेहरा बघून त्यानं जाळं खाली ठेवलं.

"नापास?"

"नापास. आणि बढती मिळाली. पातेल्यापाशी."

सुलो हसला, मग तिच्याकडे बघून थांबला. ती पायरीवर बसली होती आणि तिचे ओठ थरथरत होते. लग्नाच्या पस्तीस वर्षांत त्यानं ते दोनदा पाहिलं होतं.

"छत्तीस वर्षं पातेल्यापाशी उभी राहिले रे मी," ती म्हणाली. "तक्रार नाही. काम होतं, केलं. पण त्या एका आठवड्यात मला कुणी विचारत नाही, मावशी आज काय आहे म्हणून. ओढ्यापाशी उभी असते, पाय ओले असतात, थंडी वाजते, आणि मी कुणाची मावशी नसते. ते नाही देणार मी. मांसाचे दहा वाटे दिले तरी नाही."

"मग नवी बंदूक घे. दुर्बिणीची. दुकानात भिंतभर आहेत."

"खांद्याला माझीच बसते."

"डोळ्याला बसत नाही ना पण."

"तर डोळ्याचं बघू. खांदा कशाला बदलायचा?"

सुलोनं जाळं परत हातात घेतलं. या आवाजापुढं बोलण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक होतं. पुढची परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, हंगामाआधीची अखेरची. ती चुकली की पातेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हिल्का ताइस्तोच्या कार्यशाळेच्या दारात हजर. ताइस्तोनं आता पंचाहत्तरी गाठलेली, कानानं थोडा कमी, हातानं मात्र अजून तसाच. तिनं बंदूक त्याच्या बाकावर ठेवली.

"दुर्बीण बसव."

ताइस्तोनं बंदूक उचलली, गोळी आत ढकलणारा बोल्ट ओढून काढला, उजेडात धरला. मग नळीकडे, मग झाकणाकडे, मग एकेका स्क्रूकडे बघत राहिला.

"हिल्का, हे बघ. बोल्टवरचा आकडा, झाकणावरचा आकडा, नळीवरचा आकडा. सगळे एकच. अठ्ठ्याण्णव वर्षं झाली आणि एकही भाग बदललेला नाही. अशी आता मिळत नाही. हिला भोकं पाडायची? हेलसिंकीचे ते जुन्या बंदुका जमवणारे लोक हिचे मुके घेतील."

"त्यांना मुके घ्यायचेत. मला गोळी मारायचीय."

"अगं पण पाप आहे हे."

"ताइस्तो, बंदूक आहे ती. चर्चमधली मेणबत्ती नाही. भोकं किती पाडावी लागतील?"

"चार," ताइस्तो म्हातारं तोंड आणखी पाडून म्हणाला. "बोल्टच्या पुढच्या कड्यावर दोन, त्याच्या मागच्या पुलावर दोन. त्यावर दुर्बिणीची बैठक. पण तेवढ्यानं भागत नाही. हा बोल्टचा दांडा बघ, सरळ बाजूला निघालाय. गोळी भरायला वर उचललास की दुर्बिणीवर आदळणार. तो तापवून खाली वाकवावा लागेल. आणि ही सेफ्टीची कळ वर उभी राहते, तीही दुर्बिणीला अडणार. ती काढून आडवी बसवायची. म्हणजे बघ, सबंध बाईला नवीन हाडं."

"कधी होईल?"

"दांडा वाकवायचा म्हणजे धोका असतो. उष्णता बोल्टच्या पोटात गेली की पोलाद मऊ पडतं, आणि मग..."

"मी विचारलं, कधी होईल?"

ताइस्तोनं बंदूक परत दिली नाही.

त्यानंतर हिल्का रोज जाऊ लागली. रिकाम्या हातानं नाही. भाताचं सारण भरलेल्या राय धान्याच्या पुऱ्या, वर उकडलेलं अंडं कुस्करून घातलेलं लोणी. ताइस्तो एकटा राहायचा आणि त्याच्याकडे लोकांच्या करवती, गवत कापायची यंत्रं ढिगानं पडलेली असत. हिल्का बाकापाशी स्टूल घेऊन बसायची. त्यानं दुसऱ्याची करवत हातात घेतली की ती पुऱ्यांच्या डब्याचं झाकण लावायची. असा अत्याचार कुणी किती दिवस सहन करणार!

दांडा वाकवायच्या दिवशी तिनंच ओल्या फडक्यांत बोल्ट धरला. ताइस्तोनं ज्योत लावली, दांडा लाल झाला, फडक्यांतून वाफ निघाली.

"सोड, भाजशील," ताइस्तो ओरडला.

"पाणी ओत," ती म्हणाली. "चाळीस लिटरचं सूप उतरवलंय या हातांनी. तू तुझं बघ."

दांडा वाकला, गार झाला, आणि बोल्टच्या पोटात उष्णता गेली नव्हती. ताइस्तोनं कानस लावून पाहिली. पोलाद होतं तसंच कडक. तो पहिल्यांदा समाधानानं हसला. हिल्काच्या अंगठ्यावर मात्र फोड आला, तो तिनं घरी सुलोपासून लपवला.

पण खरी परीक्षा घेतली चौथ्या भोकानं. तीन भोकं सुरळीत पडली. चौथ्यात आटे पाडताना टॅप, म्हणजे आटे कापायचा कडक पोलादी खिळा, कट्कन तुटला आणि त्याचं टोक आतच अडकून बसलं. ताइस्तोनं जे शब्द उच्चारले ते मी इथे लिहीत नाही. तुटका टॅप काढणं म्हणजे दाढेत अडकलेला काटा दुसऱ्या काट्यानं काढण्यासारखं. ऑगस्ट अर्धा उलटला होता. ताइस्तो म्हणाला, "सोड आता. पुढच्या वर्षी बघू." हिल्कानं स्टूल आणखी पुढं ओढलं आणि म्हणाली, "तू थकलास तर झोप थोडा वेळ. मी इथेच आहे." मग तो बारीक टोकाच्या सुईनं, कणाकणानं, नऊ दिवस ते टोक कोरत राहिला. अखेरच्या शुक्रवारी दुपारी ते निघालं. संध्याकाळी बैठक बसली, वर चारपट दाखवणारी साधी दुर्बीण बसली.

शनिवारी सकाळी लवकर ताइस्तो एकटाच खडीच्या खाणीतल्या नेमबाजीच्या मैदानावर गेला, बाकावर बंदूक टेकवून सहा गोळ्या मारल्या, दुर्बिणीचे स्क्रू फिरवले आणि गोळी बरोब्बर दुर्बिणीच्या काचेतल्या फुलीवर आणून ठेवली. हिल्काला सराव करायला वेळच नव्हता. ती आली तेव्हा इल्पो हातात वेळेचं घड्याळ घेऊन नावं पुकारत होता. परीक्षा घेणाऱ्यांत तोही असतो.

"हे काय मावशी, बाईसाहेबांना चष्मा लावलास?" कुणीतरी बंदुकीकडे बघून म्हणालं.

"हो. आता तुझं तोंड लांबूनही दिसतं," हिल्का म्हणाली. "वाईट झालं."

तिची पाळी आली. तिनं लाकडी खांबाला हात टेकवला, दस्ता खांद्याला लावला, आणि दुर्बिणीत पाहिलं. मूस इतका स्वच्छ, इतका जवळ उभा होता की तिला क्षणभर रडूच आलं. किती वर्षांनी दिसत होता तो असा! इल्पो म्हणाला, "सुरू." तिनं श्वास सोडला. चार गोळ्या एका मिनिटात गेल्या. वाकवलेला दांडा लोण्यासारखा फिरत होता. चौथ्या गोळीला तिला खात्री होती की झालं.

इल्पो चित्रापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग परत आला, हातात कागद.

कागदावरची चारही भोकं एका कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. इतक्या वर्षांत असा गट तिनं कधी मारला नव्हता. आणि चारही वर्तुळाच्या खाली. वीतभर खाली.

"दुर्बीण हलली," इल्पो म्हणाला. आवाजात खरीच हळहळ होती. "जुन्या बंदुकीवर असं बसवलं की..."

"माझी बैठक हलत नाही," ताइस्तो मागून गरजला. म्हाताऱ्यानं बंदूक हिसकावली, बाकावर टेकवली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक गोळी मारली. इल्पो पुन्हा गेला, पुन्हा आला. गोळी वर्तुळाच्या मधोमध.

बंदुकीत खोट नाही म्हटल्यावर खोट कुणात, हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. कुणीतरी थर्मासचं झाकण उघडलं. इल्पोनं हळूच तिच्या कोपराला हात लावला. "मावशी, पातेलं काय वाईट आहे गं?"

हिल्कानं कोपर सोडवून घेतला.

ताइस्तो मात्र तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. "फुली कुठे धरलीस?"

"धरायची तिथे."

"म्हणजे कुठे, ते सांग."

"आता तुला नव्यानं सांगू? छातीवर, नेहमीसारखी, वीत..." आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

ताइस्तो आधी खोकला, मग हसायला लागला, मग हसता हसता इतका खोकला की त्याला बाकावर बसवावं लागलं. "अगं देवा! तू पेटीतली बंदूक उचललीस तेव्हा मीच सांगितलं होतं! आणि मी सकाळपासून इथे बसलोय, पण गाढवाला सुचलं नाही!"

दुर्बीण जिथे दाखवत होती तिथेच गोळी जात होती. हिल्का मात्र अडतीस वर्षांच्या सवयीनं, हवं तिथे न धरता, हवं त्याच्या वीतभर खाली धरत होती. धरतेय हे तिला कळतही नव्हतं. सुलो नेमका तेव्हाच सायकलवरून आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा."

ताइस्तोनं खिशातून स्क्रू फिरवायचं बारीक नाणं काढलं. "सोपं आहे. मी दुर्बीण वीतभर वर घेतो. तू आपली जुन्यासारखं खाली धर. पाच मिनिटांचं काम."

सगळ्यांना हायसं वाटलं. इल्पोही म्हणाला, "हो, हे बरं. शेवटी पास होणं महत्त्वाचं."

हिल्कानं बंदूक मागे ओढली.

"हात लावू नकोस."

"का गं?"

"दुर्बीण खरं दाखवतेय. खोटं मी धरतेय. दुर्बिणीला माझ्यासारखं वाकडं करायला बंदुकीला भोकं पाडली का?"

"मावशी, हट्ट करू नकोस. दोन तासांत आवरायचंय."

"दोन तास पुष्कळ आहेत," हिल्का म्हणाली.

ती मैदानाच्या कडेला पाइनच्या एका खोडासमोर जाऊन उभी राहिली. बंदूक रिकामी. खोडावर एक गाठ होती. ती बंदूक खांद्याला लावे, फुली गाठीवर आणे, चाप ओढे. टक्. पुन्हा. टक्. बाकीचे परीक्षा देत होते, गोळ्या फुटत होत्या, आणि ही एका गाठीशी भांडत होती. सांगायला सोपं आहे, हवं तिथे धर. पण तिचं सगळं अंग ओरडून सांगत होतं, वर जाईल, वर जाईल, खाली घे. फुली गाठीवर टेकली की मनगट आपसूक खाली घसरे. ती शिवी देई आणि परत वर आणे. सुलो शेजारी दगडावर बसून कॉफी पीत होता.

"किती झालं?" त्यानं विचारलं.

"मोजत नाही."

"घसरतंय अजून?"

"घसरतंय. पण आता मला कळतं, कधी घसरलं ते."

सुलोनं तिला कपातली उरलेली कॉफी दिली. त्याला टकटक ऐकायला बरं वाटत होतं. गोळीचा आवाज नव्हता.

सगळे आटोपल्यावर इल्पोनं तिचं नाव पुकारलं. तिनं खांबाला हात टेकवला. खांदा दुखत होता, अंगठ्यावरचा फोड फुटला होता. दुर्बिणीत मूस उभा राहिला. फुली छातीवर आणली आणि ती अगदी वेडेपणासारखी वाटली. असं कुणी सरळ धरतं का! मनगट खाली निघालं. तिनं ते थांबवलं. चाप ओढला. गोळी गेली, आणि गोळी गेल्यावर तिला वाटलं की ती मूसच्या डोक्यावरून पार झाली. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी तीच भीती, आणि प्रत्येक वेळी फुली तिथेच, जिथे हवी तिथे. चौथ्या गोळीच्या आधी तिनं थांबून पुन्हा श्वास घेतला. इल्पो म्हणाला, "वीस सेकंद." तिनं घाई केली नाही. मारली.

इल्पो चित्रापाशी गेला आणि यावेळी तिथूनच ओरडला, "चारही! मावशी, चारही आत!"

ताइस्तोनं टोपी काढून हवेत फेकली, ती खाणीच्या डबक्यात पडली. पोरांनी हिल्काला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तिनं दोघांना ढकलून दिलं. मग ती दगडावर जाऊन बसली आणि सुलोच्या बाहीत तोंड खुपसून रडली, चांगली मिनिटभर. नंतर नाक पुसून म्हणाली, "कॉफी संपवलीस का सगळी?"

पुढच्या रविवारी दुपारी झोपडीत जागांची वाटणी होती. इल्पोनं नकाशा पसरला होता, शेजारी वहीत यादी. यादी तो दरवर्षी घरूनच लिहून आणतो. बदल क्वचितच होतो. "खाणीमागचा ओढा: हिल्का," त्यानं वाचलं आणि पुढच्या नावाकडे वळला.

"खोड ते," हिल्का म्हणाली.

इल्पोनं मान वर केली. "का गं? पास झालीस ना. ओढा तुझाच आहे."

"ओढा नको. मला अस्वलशिळा हवी."

अस्वलशिळा म्हणजे दलदलीच्या वरचा उंचवटा, पाठीला शिळा, पाय कोरडे, आणि हाका सुरू झाला की दहांतले सहा मूस तिच्याखालून जातात. तिथे इल्पो उभा राहतो. त्याच्या आधी त्याचा बाप.

"तिथे मी असतो," इल्पो म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि माझे वडील..."

"तेही माहीत आहे. तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, १९६० साली, कुठे उभी राहशील? मी म्हटलं, कुठंही चालेल. तेव्हाही मला अस्वलशिळाच हवी होती. त्यांना खोटं सांगितलं. तुलाही दरवर्षी खोटंच सांगितलं. तुझी चूक नाही."

तिचा आवाज शांत होता. हात मात्र मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

आमच्याकडे अशा वेळी लोक कॉफी पितात आणि खिडकीबाहेर बघतात. इल्पोच्या मानेवर लाली चढली होती. त्याला राग आला होता का, तर आलाच असणार. वडिलांची जागा होती. त्यानं पेन्सिल दोन बोटांत फिरवली, एकदा, दोनदा.

ताइस्तो कानाला हात लावून म्हणाला, "काय म्हणाली ती?"

"अस्वलशिळा मागतेय," सुलो त्याच्या कानात ओरडला. सुलो शिकारी नाही, त्याला खरं तर तिथे यायचं कारणच नव्हतं.

"मग?" ताइस्तो म्हणाला. "हवी असेल."

इल्पोनं रबर घेतलं. इतक्या जोरानं खोडलं की कागद फाटला. मग नवं पान उलटून, दात आवळून, त्यानं पुन्हा यादी लिहायला घेतली.

"आणि ओढ्यावर कोण?" तो म्हणाला, कुणाकडेही न बघता.

"तू," हिल्का म्हणाली. "जाड मोजे घे. दोन जोड घे, दुपारी बदलायला लागतात."

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग इल्पोही, नाइलाजानं, नाकातल्या नाकात. त्यानं लिहून संपवलं आणि वही तिच्यापुढं सरकवली. हिल्कानं खिशातून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला. ओळीवर बोट ठेवून तिनं स्वतःचं नाव वाचलं, आणि त्याच्यासमोरची जागा वाचली. मग एकदा परत वाचली.